सही करणारे यंत्र कोणाचे ऐकते?

जाहिराती रोखणारे, पासवर्ड लक्षात ठेवणारे किंवा शुद्धलेखन तपासणारे एखादे एक्स्टेन्शन ब्राउझरमध्ये बसवताना ते 'सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची आणि बदलण्याची' परवानगी मागते आणि बहुतेक जण ती देऊन मोकळे होतात. त्यानंतर बँकेचे पान असो की ऑफिसची मेल, आपण उघडू ते प्रत्येक पान त्या एक्स्टेन्शनलाही उघडे असते. शिवाय परवानगी एकदाच दिलेली असते, कोड मात्र बदलत राहतो. ब्राउझर दर काही तासांनी नवी आवृत्ती आली का पाहतो आणि आली असेल तर न विचारता बसवून टाकतो. आज ज्यावर विश्वास ठेवून परवानगी दिली, त्याच्याच हातून उद्याची आवृत्ती आली आहे, हे ब्राउझरला कळण्याचा एकच मार्ग असतो, तो म्हणजे त्या फाइलवरची डिजिटल सही. ही सही आता माणूस बसून करत नाही. बिल्ड तयार करणारा सर्व्हरच ती करून घेतो, आणि तसे व्हायलाही हवे. पण हे स्वयंचलन उभारताना सगळी चिंता एकाच प्रश्नाची केली जाते: सहीची किल्ली कुठे ठेवायची? गेल्या पंधरा वर्षांतली मोठी प्रकरणे एकापुढे एक ठेवून पाहिली, तर किल्ली चोरीला न जाताही खोट्या सह्या झालेल्या दिसतात. म्हणून त्याहून महत्त्वाचा प्रश्न, माझ्या मते, असा आहे की त्या किल्लीकडून सही करून घेण्याचा अधिकार कोणाला आहे आणि सहीसाठी पुढे केलेली वस्तू नेमकी काय आहे, हे कोण पाहते.

आधी सही कशी होते ते पाहू. फायरफॉक्सच्या एक्स्टेन्शनची फाइल एक्सपीआय या नावाने ओळखली जाते. ती प्रत्यक्षात साधी झिप फाइल असते. ती उघडली की आत 'मेटा-इन्फ' नावाचा एक फोल्डर सापडतो. त्यातल्या एका मजकुरी फाइलमध्ये एक्स्टेन्शनमधल्या प्रत्येक फाइलचे नाव आणि त्यापुढे तिचा हॅश लिहिलेला असतो. हॅश म्हणजे मजकुरावर गणिती प्रक्रिया करून काढलेली ठरावीक लांबीची खूण. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी ती पूर्ण बदलते, आणि तीच खूण देणारा दुसरा मजकूर शोधून काढणे व्यवहारात अशक्य असते. या यादीवर खाजगी किल्लीने सही होते आणि सोबत सर्टिफिकेटांची साखळी जोडली जाते. तिच्या टोकाचे मूळ सर्टिफिकेट फायरफॉक्समध्ये आधीच बसवलेले असते. क्रोमची रीत थोडी वेगळी आहे. तिथे एक्स्टेन्शनची ३२ अक्षरी ओळखच तिच्या सार्वजनिक किल्लीच्या हॅशमधून निघते, त्यामुळे किल्ली बदलली की ब्राउझरच्या लेखी ते एक्स्टेन्शनच वेगळे होते. दोन्हीकडे सही दोनच गोष्टी सांगते: ही फाइल अमुक किल्लीच्या ताब्यातून बाहेर पडली, आणि त्यानंतर तिच्यात फेरफार झालेला नाही. आतला कोड सज्जन आहे की दुर्जन, याबद्दल ती काहीही सांगत नाही.

मग हे काम यंत्रावर का सोपवावे? विचारपूर्वक, माणसाच्या देखरेखीखाली, एकेक फाइल पाहून सही करणे अधिक सुरक्षित नाही का? हा आक्षेप वजनदार आहे आणि तो पूर्ण चुकीचाही नाही. पण हाताने सही करणारा माणूस प्रत्यक्षात काय पाहतो? तो फाइलचे नाव पाहतो, आवृत्तीचा क्रमांक पाहतो आणि बटण दाबतो. मिनिफाय केलेल्या, म्हणजे मोकळ्या जागा काढून आणि नावे एकाक्षरी करून दाबून बसवलेल्या दोन-तीन मेगाबाइटच्या जावास्क्रिप्टमध्ये चार ओळी जास्तीच्या आहेत हे डोळ्यांना दिसत नाही. शिवाय तो ज्या लॅपटॉपवर सही करतो, त्याच लॅपटॉपवर तो मेल वाचतो, प्रयोग म्हणून नवी पॅकेजे उतरवतो, डाउनलोड केलेल्या फाइली उघडतो. सुरक्षेतली चूक रात्री कळली आणि सहीची किल्ली साठवणारे यूएसबी टोकन ज्याच्याकडे आहे तो रजेवर असला, तर दुरुस्ती अडते. आणि एकदा अशी अडचण झाली की लोक टोकनाच्या प्रती, पिनच्या चिठ्ठ्या, सामायिक फोल्डर असे चोरमार्ग काढतात. कोणत्या कोडमधून कोणती फाइल बनली याची नोंदही हाताच्या कामात राहत नाही. उलट, दर वेळी कोऱ्या यंत्रावर, ठरलेल्या पायऱ्यांनी, नोंद ठेवून बिल्ड झाले तर निदान नंतर तपास करता येतो. स्वयंचलनाचा खरा फायदा मी याच नोंदीत मानतो. वेग वाढतो तो वरचा नफा.

पहिल्या पिढीचे स्वयंचलन मात्र अगदी भाबडे होते. किल्लीची फाइल बिल्ड सर्व्हरवर ठेवायची, तिचा पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये लिहायचा आणि स्क्रिप्ट चालवायची. अशी किल्ली एकदा हाती लागली की चोर ती आपल्या घरी बसून वाटेल तितक्या वेळा वापरू शकतो. २०१० साली उघड झालेल्या स्टक्सनेट या दुष्ट प्रोग्रामचे ड्रायव्हर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या सर्टिफिकेटांनी सही केलेले होते, तेव्हा चोरलेल्या किल्लीची किंमत जगाला कळली. तरीही सवय सुटली नाही. २०२१ मध्ये कोडकव्ह या चाचणी-मापनाच्या सेवेची एक स्क्रिप्ट हल्लेखोरांनी बदलली. जगभरच्या बिल्ड सर्व्हरांवर ती रोज चालत होती आणि जिथे चालेल तिथले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बाहेर पाठवत होती. ज्यांच्या किल्ल्या अशा उघड्या पडल्या त्यांत हॅशिकॉर्प ही कंपनीही होती. टेराफॉर्मसारख्या साधनांच्या आवृत्त्यांची खात्री पटवण्यासाठी तिची जी सहीची किल्ली वापरली जाई, तीच बदलावी लागली. हा प्रकार दोन महिने चालू होता आणि उघडकीला आला तो एका ग्राहकामुळे. त्याने उतरवलेल्या स्क्रिप्टचा हॅश जाहीर केलेल्या हॅशशी ताडून पाहिला आणि तो जुळला नाही. पुढे मार्च २०२५ मध्ये गिटहबवरच्या 'टीजे-अॅक्शन्स' या घटकाचेही असेच झाले. २३,००० हून अधिक रिपॉझिटऱ्या तो वापरत होत्या. त्याच्या जुन्या आवृत्त्यांची नावे नव्या, दुष्ट कोडकडे वळवण्यात आली आणि बिल्डच्या लॉगमध्ये गुपिते छापली जाऊ लागली. ज्यांनी आवृत्तीच्या नावाऐवजी नेमक्या कमिटचा हॅश लिहून ठेवला होता, ते या वळवण्यातून वाचले.

या अनुभवांतून उद्योगाने धडा घेतला आणि तो नियमातही उतरला. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या सामायिक मंचाने १ जून २०२३ पासून अट घातली की सार्वजनिक विश्वासाच्या कोड साइनिंग सर्टिफिकेटची खाजगी किल्ली प्रमाणित हार्डवेअरमध्येच तयार व्हावी आणि तिथेच राहावी. मग ते यूएसबी टोकन असो, हार्डवेअर सिक्युरिटी मोड्युल, म्हणजे एचएसएम, असो किंवा क्लाउडवरची तशीच सेवा असो. किल्ली बाहेर येतच नाही. बाहेरून हॅश आत जातो आणि सही बाहेर येते. हा नियम योग्यच आहे. पण तो पाळला की काम संपले, असे जे मानले जाते ते मला धोक्याचे वाटते, कारण या व्यवस्थेची परीक्षा नियम येण्याच्या कितीतरी आधी होऊन गेली होती आणि तिचा निकाल जाहीर आहे.

२७ सप्टेंबर २०१२ रोजी अडोबी कंपनीने जाहीर केले की तिच्या वैध सर्टिफिकेटने सही झालेली दोन दुष्ट साधने सापडली आहेत. त्यांतले एक विंडोजमधून पासवर्डचे हॅश काढून घेणारे होते. अडोबीची खाजगी किल्ली तेव्हाही एचएसएममध्येच होती आणि ती बाहेर गेल्याचा कोणताही पुरावा मिळाला नाही. घडले ते असे: हल्लेखोर कंपनीच्या जाळ्यात शिरले, हळूहळू एका बिल्ड सर्व्हरपर्यंत पोहोचले, आणि त्या सर्व्हरला सही करणाऱ्या सेवेकडे विनंती पाठवण्याचा अधिकार होता. त्यांनी नेहमीच्याच पद्धतीने, नेहमीच्याच प्रोटोकॉलने विनंती केली आणि सेवेने सही करून दिली. कुलूप कुठेच फुटले नाही. त्या सर्व्हरची जुळणी कंपनीच्या स्वतःच्या सुरक्षा मानकांनुसार नव्हती आणि सहीची सोय देताना हे कोणाच्या लक्षात आले नव्हते, हेही नंतर मान्य करण्यात आले. मला सर्वांत बोलका वाटतो तो पुढचा उपाय. अडोबीने ती सगळी यंत्रणा बंद केली आणि तात्पुरती नवी उभारली, तीत सहीसाठी आलेली प्रत्येक फाइल खरोखर अडोबीचीच आहे ना, याची माणसाकडून ऑफलाइन पडताळणी ठेवली. म्हणजे किल्ली ठेवण्याच्या जागेत उणीव नव्हती, विनंती तपासण्यात होती.

आपल्याकडे याचे रोजचे रूप पाहायचे तर कंपनीच्या संचालकांच्या डीएससी, म्हणजे डिजिटल सही प्रमाणपत्राच्या, टोकनाकडे पाहावे. टोकन स्वतः भक्कम असते, त्यातली किल्ली कोणी काढू शकत नाही. पण अनेक ठिकाणी ते कर सल्लागाराच्या ऑफिसातल्या खणात असते आणि पिन पाकिटावर लिहिलेला असतो. विवरणपत्र भरण्याची घाई असते, संचालक गावात नसतात, म्हणून सोय म्हणून हे चालते. किल्ली सुरक्षित, आणि सही मात्र खण उघडणाऱ्या कोणाच्याही हातात. बिल्ड सर्व्हरला कायमस्वरूपी पासवर्ड देऊन क्लाउडवरच्या एचएसएमशी जोडणे म्हणजे हेच. टोकन बदलले, जागा बदलली, पिनची चिठ्ठी तिथेच राहिली.

यावर कोणी म्हणेल की विनंती कोण करतो एवढे कडक तपासले की झाले. सोलरविंड्सचे प्रकरण सांगते की तेवढेही पुरत नाही. २०२० च्या मार्चपासून त्या कंपनीच्या ओरायन या सॉफ्टवेअरची अद्ययावत आवृत्ती ग्राहकांकडे जात होती. सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत ती पोहोचली, तिच्यावर कंपनीची अस्सल सही होती आणि आत चोरदरवाजा होता. सही मागणारा सर्व्हर खरा होता, कर्मचारी खरे होते, रिपॉझिटरीतला कोडही स्वच्छ होता. हल्लेखोरांनी बिल्ड सर्व्हरवर एक छोटा प्रोग्राम लपवला होता. तपासकर्त्यांनी पुढे त्याला सनस्पॉट असे नाव दिले. तो सतत पाहत राही की मायक्रोसॉफ्टचे बिल्ड साधन चालू झाले आहे का आणि ते ओरायनचेच काम करत आहे का. तसे दिसले की तो 'इन्व्हेंटरी मॅनेजर' नावाची एक सोर्स फाइल बदलून तिथे आपली ठेवी आणि बिल्ड झाल्यावर मूळ फाइल जागेवर आणून ठेवी. मूळ फाइल अपेक्षेप्रमाणेच आहे ना, हे तो आधी हॅश पाहून तपासत असे, नाहीतर बिल्ड मोडले असते आणि कोणाला संशय आला असता. आपल्या कोडमुळे कंपायलरच्या इशाऱ्यांची भर पडू नये, याचीही काळजी त्याने घेतली होती. सोर्स आणि सही या दोन टोकांच्या मधल्या काही मिनिटांत ही अदलाबदल झाली, आणि शेवटी सही झाली ती बदललेल्या वस्तूवर. त्याआधी, २०१७ मध्ये, सीक्लीनर या संगणक-साफसफाईच्या साधनाच्या ५.३३ या आवृत्तीतूनही अस्सल सहीनिशी दुष्ट कोड वीस लाखांहून अधिक यंत्रांवर गेला होता.

एक्स्टेन्शन बनवणाऱ्यांना वाटते की हे मोठ्या कंपन्यांचे दुखणे आहे. आमची सही तर स्टोअरच करते, आम्ही फक्त झिप चढवतो. नेमका याच समजुतीचा फायदा डिसेंबर २०२४ मध्ये घेतला गेला. सायबरहेवन ही कंपनी माहितीची गळती रोखणारे क्रोम एक्स्टेन्शन बनवते आणि सुमारे ४,००,००० लोक ते वापरत होते. २४ डिसेंबरला कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला मेल आली की तुमचे एक्स्टेन्शन धोरणभंगामुळे स्टोअरमधून काढले जाणार आहे. दुवा उघडला तो गूगलच्याच खऱ्या परवानगी-पानावर, आणि तिथे 'प्रायव्हसी पॉलिसी एक्स्टेन्शन' नावाच्या एका अॅपला परवानगी दिली गेली. पासवर्ड चोरीला गेला नाही. खात्याला दुहेरी पडताळणी होती, तिने काही विचारलेच नाही, कारण हा लॉगिन नव्हता, अधिकार सोपवणे होते. त्या अधिकाराने हल्लेखोरांनी २४.१०.४ ही दुष्ट आवृत्ती स्टोअरवर चढवली, ती तपासणीतून पुढे गेली, तिच्यावर स्टोअरची रीतसर सही झाली आणि नाताळच्या दिवशी ती आपोआप लोकांच्या ब्राउझरमध्ये जाऊन बसली. फेसबुकची, विशेषतः जाहिरात खात्यांची, माहिती काढणे हा तिचा हेतू होता. सुमारे एका दिवसाने ती हटवली गेली. जिथे स्टोअर सही करते तिथे फाइल चढवण्याचा अधिकार हाच सहीचा अधिकार असतो, हे इथे पुरेपूर दिसले. त्यानंतर क्रोम वेब स्टोअरने विकासकांना एक ऐच्छिक सोय दिली: चढवायची फाइल आपल्या स्वतःच्या किल्लीने सही करून पाठवायची आणि ती सही नसलेली फाइल स्टोअरने घ्यायचीच नाही. खाते हातचे गेले तरी किल्ली वेगळ्या ठिकाणी असते. ही सोय प्रत्येक एक्स्टेन्शनकर्त्याने घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

या सगळ्यातून स्वयंचलनाचा आराखडा बऱ्यापैकी स्पष्ट होतो. बिल्ड आणि सही ही दोन कामे एकाच यंत्रावर, एकाच टप्प्यात कधीच होऊ नयेत. बिल्डच्या टप्प्यात शेकडो परक्या पॅकेजांचा कोड चालतो. एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या साधनाने नुसते इन्स्टॉल केले तरी पॅकेजांच्या स्वतःच्या स्क्रिप्टा चालू लागतात. अशा जागी सहीचा कोणताही अधिकार पोहोचता कामा नये. बिल्ड झाल्यावर फाइल आणि तिचा हॅश पुढे सरकावा, आणि सहीचा टप्पा कोऱ्या यंत्रावर, कोणतेही पॅकेज न उतरवता, फक्त तो हॅश ताडून सहीची विनंती करणारा असावा. विनंतीसोबत कायमचा पासवर्ड नसावा. आजच्या बिल्ड सेवा प्रत्येक कामापुरते काही मिनिटे टिकणारे ओळखपत्र देतात. त्यात कोणती रिपॉझिटरी, कोणती शाखा, कोणता वर्कफ्लो हे लिहिलेले असते, आणि सही करणारी सेवा 'मुख्य शाखेच्या प्रकाशन-वर्कफ्लोखेरीज कोणाचेही ऐकू नको' असे सांगता येण्याजोगी असते. २०२१ मध्ये सुरू झालेला सिगस्टोर प्रकल्प याच कल्पनेवर उभा आहे. तिथे किल्लीच क्षणभंगुर असते, सर्टिफिकेट दहा मिनिटांचे असते, आणि झालेली प्रत्येक सही सर्वांना पाहता येणाऱ्या, मागे जाऊन न बदलता येणाऱ्या नोंदवहीत चढते. एनपीएमने २०२३ पासून पॅकेजांसाठी त्याच आधारावर उगमाचा दाखला देणे सुरू केले. आणि प्रकाशनापूर्वी दुसऱ्या एका माणसाची मंजुरी ठेवावी. तो फाइल वाचू शकणार नाही हे वर म्हटलेच आहे, पण आज प्रकाशन व्हायचे आहे का, ते कोणी सुरू केले आणि मागच्या आवृत्तीपासून कोणत्या परवानग्या वाढल्या, एवढे तो नक्की सांगू शकतो. सायबरहेवनच्या वेळी आवृत्ती चढण्याच्या वाटेवर दुसऱ्या माणसाच्या संमतीची अट असती, तर नाताळच्या पहाटे आलेली ती विनंती बहुधा अडकून राहिली असती.

स्वयंचलित सहीचा आणखी एक शत्रू आहे, काळ. यंत्र बिनबोभाट चालते म्हणून लोक ते विसरतात, आणि सर्टिफिकेटाची मुदत विसरत नाही. विंडोजवर साइनटूलने सही करताना विश्वसनीय वेळशिक्क्याचा पत्ता देण्याचा एक पर्याय असतो. तो लिहायचा राहिला तरी सही होते, बिल्ड हिरवे दिसते, चाचण्या पास होतात. फरक दिसतो तो सर्टिफिकेट संपल्यावर. वेळशिक्का असेल तर जुनी सही वैध राहते, नसेल तर त्या दिवसापासून ग्राहकाला इशारे दिसू लागतात. याचे मोठे उदाहरण फायरफॉक्सचे आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ४८ व्या आवृत्तीपासून मोझिलाने नेहमीच्या फायरफॉक्समध्ये सही नसलेली एक्स्टेन्शन चालवण्याची वाटच बंद केली होती. ४ मे २०१९ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी साडेसहाच्या सुमारास, सगळ्या एक्स्टेन्शनांच्या साखळीतले मधले एक सर्टिफिकेट मुदत संपून बाद झाले. फायरफॉक्स साधारण दिवसातून एकदा सह्या तपासतो, त्यामुळे जसजशी ज्याची तपासणी आली तसतशी जगभर एक्स्टेन्शन बंद पडत गेली. फायरफॉक्सवर बेतलेल्या टॉर ब्राउझरमधले, पानांवरच्या स्क्रिप्टा रोखणारे नोस्क्रिप्टही बंद पडले, म्हणजे ज्यांची सुरक्षितता त्यावर अवलंबून होती तेच उघडे पडले. हजारो एक्स्टेन्शनांवर नव्याने सही करून ती वाटण्याऐवजी मोझिलाने हुशारीने त्याच नावाचे आणि त्याच किल्लीचे नवे मधले सर्टिफिकेट तयार केले. त्यामुळे जुन्या सह्या पुन्हा वैध ठरल्या. मुदत संपत आल्याची सूचना स्वयंचलनाचाच भाग असायला हवी, आणि घड्याळ काही महिने पुढे करून सही तपासून पाहणारी एक चाचणीही.

एकट्याने, फावल्या वेळात एक्स्टेन्शन बनवणाऱ्याला हे सगळे झेपेल का, हा प्रश्न रास्त आहे. सगळे झेपणार नाही आणि सगळ्याची गरजही नाही. त्याच्यासाठी फायरफॉक्सचे वेब-एक्स्ट साधन एका आज्ञेत फाइल मोझिलाकडे पाठवून सही करून आणते. त्यासाठी लागणारे गुपित फक्त प्रकाशनाच्या वर्कफ्लोलाच दिसेल असे ठेवायचे, परक्यांच्या प्रस्तावित बदलांवर तो वर्कफ्लो चालू द्यायचा नाही आणि बाहेरचे घटक कमिटच्या हॅशने बांधून घ्यायचे. ही एका संध्याकाळची कामे आहेत आणि ती फुकट होतात. याहून अवघड आक्षेप आहे तो सत्तेचा: सही फक्त मोझिला किंवा गूगलच करणार असेल, तर माझ्या संगणकावर काय चालावे हे त्यांनी का ठरवावे? हा आक्षेप मला मान्य आहे. फायरफॉक्सच्या विकासकांसाठीच्या आवृत्तीत आणि नाइटलीत सहीची सक्ती बंद करता येते आणि स्टोअरमध्ये न मांडताही स्वतःच्या वितरणासाठी सही मिळवता येते. या वाटा टिकल्या पाहिजेत. पण ज्या सामान्य वापरकर्त्याला सही तपासण्याचे साधनही ठाऊक नाही, त्याच्या बाजूने कोणीतरी दारावर उभे राहणे मला आवश्यक वाटते.

राहिला शेवटचा आक्षेप, की सही करणाराच फितूर असेल तर? मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या लिनक्सवर सर्वत्र असलेल्या साधनात चोरदरवाजा सापडला, तेव्हा वितरणाच्या संचावर त्या प्रकल्पाच्या अधिकृत सांभाळकर्त्याचीच सही होती. आणि चोरदरवाजा चालू करणारा एक दुवा रिपॉझिटरीत नव्हताच, तो फक्त त्या संचात होता. इथे सही हतबल आहे. उपयोग होतो तो पुनरुत्पादनक्षम बिल्डचा, म्हणजे त्याच सोर्समधून कोणीही, कुठेही बिल्ड केले तरी बिट न बिट तीच फाइल निघण्याचा. तसे असेल तर दोन स्वतंत्र यंत्रांवर बिल्ड करून हॅश जुळल्यावरच सही मागता येते. सोलरविंड्सने हल्ल्यानंतर आपली बिल्ड यंत्रणा अशीच समांतर केली, वेगवेगळ्या वातावरणांत बिल्ड करून निकाल ताडून पाहण्याची. मोझिलाही मिनिफाय केलेल्या एक्स्टेन्शनसोबत मूळ सोर्स आणि बिल्डच्या सूचना मागते, त्या तपासणाऱ्याला तीच फाइल पुन्हा बनवता यावी म्हणून. एक्स्टेन्शनच्या बाबतीत हे जमवणे तुलनेने सोपे आहे, कारण त्यात बहुधा जावास्क्रिप्ट आणि चित्रेच असतात. पॅकेजांच्या आवृत्त्या लॉकफाइलने बांधायच्या, नोडची आवृत्ती ठरवून टाकायची आणि झिपकडे लक्ष द्यायचे. झिप प्रत्येक फाइलसोबत तिची बदलाची वेळ आणि फाइलींचा क्रमही साठवते, त्यामुळे सोर्स तोच असूनही पाच मिनिटांनी बनवलेल्या फाइलचा हॅश वेगळा येतो. वेळ शेवटच्या कमिटची धरायची आणि क्रम वर्णानुक्रमे लावायचा, एवढे केले की दोन यंत्रांवरचे हॅश जुळू लागतात, आणि सही करणाऱ्या सेवेला प्रथमच ताडून पाहण्याजोगे काही मिळते.